सहावं फूल

बाकू शहरातल्या एका जुन्या घराच्या भिंतीवर तिथे राहून गेलेल्या संगीतकाराचा चेहरा दगडात कोरलेला आहे. खाली नाव आणि जन्ममृत्यूची वर्षं. परवा त्याची जयंती होती, म्हणून जाणारे-येणारे तिथे लाल कार्नेशनची फुलं ठेवत होते. मी मात्र कोपऱ्यावरच्या फुलवालीशी हुज्जत घालत होतो. ज्याच्याकडून मी सुकामेवा घेतो, त्या व्यापाऱ्याकडे जेवायला जायचं होतं. त्याच्या बायकोसाठी पाच फुलं घेतली आणि सहावं फुकट मागितलं.

"नाही भाऊ," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "सम आकड्यातली फुलं मेलेल्या माणसाला. जिवंत बाईला सहा नेलीत तर जेवण नाही, झाडू मिळेल."

मला ती धंद्यातली चलाखी वाटली. आवाज चढवून मी सहावं घेतलंच. मग भिंतीकडे पाहिलं, तर प्रत्येक जण दोन किंवा चारच ठेवत होता.

तिचा 'भाऊ' हा शब्द मात्र बोचत राहिला. पुण्यातलं दुकान मी हातगाडीपासून उभं केलं. गेल्या महिन्यात सख्ख्या भावाने पाटी बदलली आणि माझं नाव गाळलं. जिवंतपणी पुसलेलं नाव मेल्यावर कोण घेणार? इथे तर दगडाचाही वाढदिवस होतो.

सहावं फूल मी त्या चेहऱ्याखाली ठेवलं.

"एकच?" फुलवाली मागून म्हणाली. "एक फूल तर जिवंत माणसाला देतात."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

उरलेली पाच घेऊन निघालो, आणि वाटेत प्रत्येक दारावरची पाटी वाचत गेलो.