टिटवीची चार अंडी

चैत्रात घाटमाथ्यावरच्या आमच्या धरणाचं पाणी बरंच आत जातं आणि उघड्या पडलेल्या गाळात काठावरची माणसं काकड्या लावतात. परतीला निघालेले चक्रवाक बघायला मी भल्या सकाळी तिथे गेलो होतो. दूर पाण्यात एक केशरी जोडी होती. दुर्बीण डोळ्याला लावूनच मी चालत होतो. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण टिटवी काय, रोजचीच. दुर्मीळ पक्षी गप्प बसला तरी आपण त्याच्यामागे कोसभर जातो. रोजच्या आवाजाला मान वर करत नाही.

"ओ दादा, पाय! पाय बघा!" काकड्या खुरपणारी म्हातारी ओरडली.

पाऊल अधांतरी राहिलं. खाली ढेकळांत, ढेकळांच्याच रंगाची चार अंडी होती. भोवती खाटेएवढी जागा म्हातारीने वेल न लावता सोडली होती.

"चार वेल बसले असते की इथं," मी ओशाळून काहीतरी बोललो.

"बसले असते. पण तिला उठवायचं कसं? आम्हाला उठवलं तवा आम्हीबी असंच ओरडलो होतो." तिने खुरपं चक्रवाकांकडे रोखलं. "तिथं घर होतं आमचं."

मी पुन्हा दुर्बीण लावली. नुसतं पाणी दिसलं. टिटवी अजून ओरडतच होती.