कॅमेरा बंद होता म्हणे!

पोलीस ठाण्यासमोर चहाची टपरी टाकली की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. चहा उकळेपर्यंत एक घडतो, ग्लास विसळेपर्यंत दुसरा. आता तर इतके साठलेत की गिऱ्हाइकाला चहाबरोबर खारी द्यावी तसा एकेक देते. कुठलं ठाणं ते विचारू नका. नाशकातलं आहे, एवढं पुरे. उद्या सकाळी मला तिथेच चहा द्यायचाय!

शाळा माझी चौथीपर्यंत. पण पंच म्हणून मी जेवढ्या सह्या केल्यात तेवढ्या एखाद्या मामलेदाराने केल्या नसतील. पोलीस काही जप्त करतात तेव्हा बाजूला साक्षीदार उभे करतात, ते पंच. पंच पाहिजे म्हटलं की रस्ता रिकामा होतो. मी कुठे पळणार? स्टोव्ह पेटलेला असतो!

*

नवा कायदा आला आणि जप्तीचं मोबाईलवर शूटिंग सक्तीचं झालं. आमचे वामनराव हवालदार रिटायरमेंटला आलेले. अक्षर मोत्यासारखं, मान कायम रजिस्टरात. मोबाईल हातात दिला की घाम फुटतो.

पहिलंच शूटिंग गावठी दारूच्या कॅनचं. "मावशी, कॅमेऱ्यात बघून नाव सांगा." मी नाव सांगितलं, कॅन मोजले, वास घेऊन तोंड वाकडं केलं. वीस मिनिटं उन्हात उभी!

साहेबांनी व्हिडिओ लावला. वीस मिनिटं वामनरावांचा अंगठा! आवाज तेवढा माझा.

"सर, डिलीट करून परत काढू?" वामनराव हळूच म्हणाले.

"डिलीट होत नाही ते! ॲपमधून थेट वर गेलं!" साहेब किंचाळले.

मी म्हटलं, "जाऊ द्या ना साहेब. एवढा मोठा अंगठा उठलाय, आता माझी सही कशाला?"

*

आता काशीचं सांगते. काशी माझ्या शेजारच्या खोलीत राहते. मूळची सुरगाण्याकडची. चार बंगल्यांची धुणंभांडी करायची. त्यातल्या एका मॅडमची सोन्याची साखळी दिसेना, तर मॅडमनी हिचं नाव घेतलं. मंगळवारी अकराच्या सुमारास दोघी ठाण्यात. मॅडम टेबलासमोर खुर्चीवर, काशी लांब कोपऱ्यातल्या बाकावर.

मॅडमनी साखळीची पावती काढायला पर्स उपडी केली. आणि काशीने बाकावरून बघितलं, पर्समधून साखळीच टेबलावर पडली! ती ओरडत उठली, तर शिपायाने दामटून खाली बसवली. पुन्हा मान वर करते तर साखळी गायब.

तक्रार लिहून घेत होते वामनराव. म्हणाले, "टेबलावर मीच होतो की! मला नाही दिसली बाई."

झालं! दुसऱ्या दिवसापासून चारही बंगल्यांची दारं बंद. काशी माझ्याकडे येऊन बसली. "अक्का, मी नाय घेतली. पण माझं कोण ऐकल?"

"तुझं नको ऐकू देत. त्या टेबलाच्या डोक्यावर कॅमेरा आहे. त्याचं ऐकतील ना मेले!"

फक्त एक गोम होती. ठाण्याच्या मशीनमध्ये महिन्याभराचंच शूटिंग राहतं. जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणजे काशीची अब्रू महिन्याच्या मुदतीवर ठेवलेली!

*

अर्ज घेऊन गेले. ड्युटीवरच्या अंमलदाराने वाचायच्या आधीच सांगितलं, "मावशी, मंगळवारी कॅमेरा बंद होता."

आता ऐका. अंमलदाराच्या समोर कॅमेऱ्यांचा टीव्ही आहे. मी किटली घेऊन गेटातून शिरले की त्याला तिथे दिसते, आणि मी दारात पोचायच्या आत आतून ऑर्डर येते. रोजची पद्धत.

मी म्हटलं, "मंगळवारी मी गेटाशी होते तेव्हा तुम्ही आतून ओरडलात, 'मावशी, दोन बिनसाखरेचे!' कॅमेरा बंद होता, तर मी काय भिंतीतून दिसले तुम्हाला?"

आख्खं ठाणं हसलं. तो नाही हसला. पण अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती मी ब्लाउजात ठेवली. तिथून कुणी डिलीट करून दाखवावी!

*

साहेबांनी हुकूम दिला, मंगळवार पेन ड्राइव्हवर काढा. मुद्देमालाच्या कारकुनाने सगळा दिवस न बघताच उतरवून घेतला. इथवर ठीक. पण त्याची तीस वर्षांची सवय! ठाण्यात काहीही जमा झालं, सुरा असो की साडी, की दोरा बांधायचा आणि लाखेचं सील मारायचं. इवलासा पेन ड्राइव्ह पाकिटात हरवेल म्हणून बाबाने मेणबत्ती पेटवली आणि लाख थेट त्याच्यावरच ओतली. वर ठसा मारला!

"बघा मावशी, आता कुणाच्या बापाला छेडछाड करता येणार नाही!"

खरं होतं त्याचं. साहेबांनी तो कॉम्प्युटरला लावायला घेतला, तर कॉम्प्युटरलाही करता येईना!

मी कारकुनाला एवढंच म्हटलं, "भाऊ, उद्या चोर पकडून आणला तर त्याच्यावर नका ओतू."

हसले सगळे. काशी हसली नाही. ती बोटं मोजत होती.

*

दुसरा पेन ड्राइव्ह मागवला, परवानगी आली, मशीनवाला माणूस द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दोनदा अडकून परत गेला. सत्ताविसाव्या दिवशी साहेब वैतागले. "ते पेन ड्राइव्ह मरू द्या. इथेच मशीनवर लावा!"

मशीनवाल्याने मंगळवार लावला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ना मॅडम, ना काशी. बाकावर एक कुत्रं झोपलेलं.

"बघा," अंमलदार म्हणाला, "आलंच नाही कुणी."

काशी पुन्हा बोटं मोजायला लागली. माझं लक्ष मात्र टीव्हीतल्या माझ्याकडे होतं. मी किटली घेऊन येत होते आणि दुसऱ्या हातात ताट होतं.

"थांबवा! ताटात काय आहे बघा. साबुदाणा वडे! ते मी गुरुवारचेच करते. हा मंगळवार नाही!"

"मशीन चुकत नसतं मावशी," मशीनवाला म्हणाला.

"तुझं मशीन चुकत नसेल, माझे वडे तर अजिबात चुकत नाहीत! तुमचं घड्याळ दोन दिवस मागे आहे."

तेव्हा कारकुनाला आठवलं, त्या मंगळवारच्या आधीच लाइट गेली होती आणि मशीनचं घड्याळ त्यानेच हाताने लावलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "रविवार लावा," म्हणाले.

*

लावला रविवार. निघाला आमचा मंगळवार! कोपऱ्यात काशी, खुर्चीत मॅडम, टेबलाशी वामनराव रजिस्टरात मान घालून. आवाजसुद्धा स्वच्छ. आम्ही सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने उभे. वामनराव खुद्द माझ्या मागे, हातात चहा.

मॅडमनी पर्स उपडी केली. कंगवा पडला, किल्ल्या पडल्या, कागद पडले. आणि साखळी घरंगळत थेट रजिस्टरावर, वामनराव लिहीत होते त्याच ओळीवर!

"ती बघा! ती बघा!" टीव्हीतली काशी ओरडली.

टीव्हीतल्या वामनरावांनी मान वर केली नाही. लिहिण्यात अडचण होते म्हणून डाव्या हाताने साखळी उचलली आणि समोर धरली. "मॅडम, तुमचं पडलं."

मॅडमनी ती घेतली, पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली.

वामनरावांनी पान उलटलं.

"हं, आता चोरीला गेलेल्या साखळीचं वर्णन सांगा."