सात वर्षांची कोकण सहल

चार पत्रकारांना बातमी दिली तर ती तासाभरात पानात जाते. त्याच चौघांना सहल ठरवायला दिली तर सात वर्षं जातात, आणि सहलीऐवजी किस्से साठत राहतात. बाकीचे लोक प्रवास करून आल्यावर गप्पा मारतात. आमच्याकडे निघण्याआधीच एवढा माल जमला होता की नाशिकच्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्याच चहाला त्याला हे सगळं ऐकावं लागतं.

चौघं म्हणजे एक मी, आहेर. तीस वर्षं रस्ते, पाणी आणि महापालिका यांच्यावर लिहून लिहून रक्तदाब वाढवून घेतलेला बातमीदार. दुसरा फोटोग्राफर भालेराव, माझ्याच बरोबरीचा. तिसरी उपसंपादक मनीषा, कारण गाडी तिची आहे आणि चालवताही तिलाच येते. चौथा नांदगावचा आमचा वार्ताहर बोरसे.

बेत साधा होता. कोकणात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी न्यायची, मध्ये एखादं जंगल बघायचं आणि शेवटी रत्नागिरीकडच्या एका गावात कासवाची पिल्लं समुद्रात शिरताना बघायची. कासवांचा आग्रह भालेरावचा. तो म्हणायचा, "आयुष्यभर पळणाऱ्या माणसांचे फोटो काढले. एकदा सावकाश चालणारं काहीतरी बघू दे."

*

पहिल्या वर्षी डिकीत बॅगा भरल्या आणि आचारसंहिता लागली. दुसऱ्या वर्षी कांद्याचे लिलाव बंद पडले, बोरसे बाजार समितीच्या फाटकातून हलेना. तिसऱ्या वर्षी आम्ही नाशिकबाहेरच्या गोंद्यापर्यंत पोहोचलो. तिथे फोन आला की शहरात मोठा मोर्चा निघालाय. भालेरावने गाडी थांबवायला लावली, कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि समोरून येणाऱ्या एसटीला हात केला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

कासवं त्याची, आम्ही पुढे होऊन करणार काय? आम्हीही माघारी वळलो. कपडे बदलायला त्याला वेळ मिळाला नाही. निळ्या फुलाफुलांचा शर्ट आणि गवताची टोपी घालून तो मोर्चात शिरला. पोलिसांनी त्याला पर्यटक समजून बाजूला काढलं आणि काळाराम मंदिराचा रस्ता दाखवला.

पुढची तीन वर्षं अशीच गेली. यंदा मात्र मार्चअखेर भालेराव निवृत्त होणार होता आणि लगेच नागपूरला मुलीकडे राहायला जाणार होता. कासवांचा हंगामही तेव्हाचाच. म्हणजे यंदा जमलं नाही तर चौघांनी मिळून कधीच नाही. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण मनीषाने फेब्रुवारीतच गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं.

*

प्रवासाचा आराखडा मनीषाने केला. सवयीप्रमाणे तिने पान लावायच्या कागदावरच केला. वर पाच कॉलम समुद्र, डावीकडे जंगल, चौकटीत जेवण. मजकूर जास्त झाला. आमच्याकडे मजकूर जास्त झाला की खालून कापतात, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं असा नियम आहे. तिनेही खालून कापलं.

हा कागद रजेच्या अर्जाला जोडून आम्ही संपादकांकडे गेलो. संपादक आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण नजर तयार. त्यांनी कागद वरून खाली वाचला, उलटून पाहिला.

"यात परत यायचं कुठे आहे?"

आम्ही तिघांनी मनीषाकडे पाहिलं.

"जागा नव्हती सर," ती म्हणाली.

*

राहण्याची सोय माझ्याकडे होती. मी एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंना फोन लावला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'खोलीतून समुद्रदर्शन'. जाहिरातीवर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

"समुद्र नेमका किती खोल्यांमधून दिसतो? बसून दिसतो की उभं राहून? मध्ये माडाची झाडं किती? मागच्या पाहुण्यांपैकी कोणी याला दुजोरा देईल का?"

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही राहायला येताय की धाड घालायला?"

मी म्हटलं, राहायला.

"मग या. समुद्र सकाळी आहे, संध्याकाळी आहे. तुम्ही आलात की मी त्याला समोर उभा करते, काय ते विचारून घ्या."

मी खोल्या घेतल्या. तीस वर्षांत एवढं सरळ उत्तर मला कुठल्याही कार्यालयातून मिळालेलं नाही.

*

जंगलाचं काम बोरसेकडे. त्याला धनेश बघायचा होता, तो मोठ्या चोचीचा पक्षी. त्याने ऑफिसातूनच तिकडच्या एका वाटाड्याला फोन लावला. वाटाड्या प्रामाणिक निघाला. म्हणाला, शेकरू बहुतेक दिसेल, धनेशाचं काही सांगता येत नाही.

बोरसेने फोन ठेवला आणि आम्हाला दिलासा दिला. "लय टेन्शन नका घेऊ. नाय दिसला तर 'परिसरात धनेश दिसल्याची चर्चा' असं लिहू."

*

रस्त्यांची माहिती काढायचं काम अर्थातच मी कोणाला दिलं नाही. किनाऱ्यावरच्या आमच्याच पेपरच्या वार्ताहराला फोन केला. मला तो फक्त नावाने ओळखत होता. मी विचारलं, खड्डे कुठून कुठपर्यंत आहेत, साइडपट्ट्या खचल्यात का, गाडी बोटीत चढवायचा धक्का धड आहे का.

त्याने दबकत विचारलं, "साहेब, विषय गंभीर आहे का?"

"अतिशय गंभीर," मी म्हणालो. मनीषाच्या गाडीची चाकं नवीन होती.

दोन दिवसांनी त्याच्या आवृत्तीत बातमी आली. 'किनारी रस्त्यांची लवकरच पाहणी. नाशिकहून पथक येणार.' खाली लिहिलं होतं, पथकात चारजण असल्याचे समजते.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "साहेब, डांबर पडलं. सगळे खड्डे भरले. धक्क्याला रंगसुद्धा दिला. पथक कधी पोहोचतंय?"

मी फोन ठेवला. एकेका खड्ड्यावर मी मालिका लिहिल्यात. निवेदनं दिलीत, अधिकाऱ्यांच्या दारात बसलोय. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते.

भालेराव लेन्स पुसता पुसता म्हणाला, "आहेर, तू तीस वर्षं लिहीत बसलास. नुसता फिरायला निघाला असतास तर जिल्हा सुधारला असता."

*

अखेर आम्ही निघालो. गोंदे मागे पडलं तेव्हा बोरसेने नकळत हात जोडले. घोटीला चहा घेतला आणि गाडीत बसतो तोच भालेरावचा फोन वाजला. संपादक.

त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"भालेराव, कुठे आहात? कॉलनीत बिबट्या शिरलाय. आपल्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतच. एका बंगल्याच्या जिन्याखाली बसलाय. दुसरा फोटोग्राफर मालेगावला आहे, त्याला यायला दोन तास लागतील."

मनीषाने किल्ली फिरवली होती, ती तशीच धरून ठेवली. बोरसे खिडकीबाहेर बघायला लागला. घोटीहून नाशिक म्हणजे पाऊण तास. नाशिककडे जाणारी एसटी समोरच उभी होती. भालेरावच्या नोकरीचे चार दिवस उरले होते आणि पहिल्या पानाचा फोटो त्याने आजवर कधी सोडला नव्हता. कॅमेऱ्याची बॅग त्याच्या मांडीवर होती, पट्टा हातात.

"वनखातं आलंय का?" त्याने विचारलं.

"आलंय. जाळी लावताहेत."

"जिन्यावर उजेड कुठून येतोय?"

"पूर्वेकडून असावा. का?"

"तुम्ही कुठे आहात?"

"मी गल्लीच्या तोंडाशी."

"साहेब, तुमच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला आहे," भालेराव म्हणाला. "तुम्हीच काढा. फक्त जरा जवळून."

भालेरावने फोन बंद केला, बॅग मागच्या सीटवर बोरसेकडे दिली आणि मनीषाला म्हणाला, "चल गं, कसारा उतर."

दोन दिवसांनी सकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. गावच्या पोरींनी पाण्याच्या बाजूला दोर बांधला होता. दोराच्या पलीकडे टोपलीतून सोडलेली तळहातावर मावणारी पिल्लं समुद्राकडे निघाली होती. दोन पावलं चालायची, थांबायची, परत दोन पावलं. भालेराव मांडी घालून बसला होता. एक पिल्लू उलट्या दिशेला वळलं तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, "तिकडे नाही बाळा, इकडे."

रेंज आली तेव्हा मी मोबाइलवर आदल्या दिवशीचा अंक उघडला. पहिल्या पानावर चार कॉलम फोटो होता. खाली संपादकांचं नाव. फोटोत जिना तेवढा अगदी स्पष्ट दिसत होता. सगळ्या पायऱ्या मोजता येत होत्या.

मी मोबाइल भालेरावपुढे धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नीट बघितला.

"उजेड बरा मिळालाय," तो म्हणाला, आणि परत पिल्लांकडे वळला.