हरणाबाई मागं राहिली

दिवाळीचा पाडवा झाला की वाडीतली धनगरांची घरं एकेक करून बंद व्हायला लागतात. घोड्यावर बिऱ्हाड चढतं, आणि मेंढरं आटपाडीचा माळ सोडून पश्चिमेची वाट धरतात, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्याकडं. तिथं ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत शेतकऱ्याला द्यायचं आणि मृगाच्या तोंडावर माघारी यायचं. हरणाबाईचा जन्मच अशा वाटेवर, एका बांधाला झालेला. पन्नाशी उलटली तरी सबंध उन्हाळा एका जागी कसा काढतात हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी तिचा नवरा अर्जुना घोड्याचा दोर आवळत होता. सून मंगल भांडी बांधत होती. हरणाबाई दारात येऊन म्हणाली, "आवं, औंदा मी येत न्हाई."

अर्जुनाला वाटलं, अंगात कणकण असेल. "मग दोन दिसानं निघू की."

"दोन दिसानंबी न्हाई. तुमी जावा. मल्हार हाय, मंगल हाय. मी हितंच ऱ्हाते. झाडं हायती."

झाडं म्हणजे घरापुढची बाग. कालव्याचं पाणी गावतळ्यात आलं, पोरानं, मल्हारनं, चार खोल्यांचं पक्कं घर बांधलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हरणाबाईला स्वतःचं अंगण मिळालं. कऱ्हाडकडं ज्यांच्या रानात त्यांची मेंढरं दरसाल बसायची, त्या घरच्या संयोगिता वहिनींच्या दारात मोठी बाग होती. वहिनींचा नवरा लष्करात, घर आणि शेती त्याच बघायच्या. हरणाबाई माघारी निघाली की त्या हटकून काहीतरी द्यायच्या. कधी गुलाबाच्या काड्या, कधी मोगऱ्याचं रोप, शेवंतीचे फुटवे, निशिगंधाचे कांदे. हरणाबाई ते ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची आणि पहिल्या पावसावर लावायची. पावसाळाभर बाग फुलायची. मग दिवाळी यायची, घराला कुलूप लागायचं, आणि पुढच्या मृगाला परत यावं तर अंगणात नुसत्या वाळक्या काटक्या. दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं तिनं हे सोसलं.

"चार काटक्यांपायी घर सोडतीस?" अर्जुना चिडला.

"घर सोडत न्हाई. घरातच ऱ्हाते म्हणते."

मल्हार खाली मान घालून हसला. अर्जुनाला हसू आलं नाही. बायकोशिवाय तो कधी वाटेला लागला नव्हता. तो तोंड फिरवून चालता झाला, आणि कळप ओढ्यापलीकडं उतरेपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. हरणाबाई कुंपणाला धरून उभी राहिली. मेंढरांचा आवाज थांबल्यावर घर एवढं गप्प झालं की तिला स्वतःचीच भीती वाटली. मग तिनं पदर खोचला आणि कात्री घेतली.

गुलाब छाटायचा होता. खरं तर दसऱ्यालाच छाटायचा, उशीर झालेला. पण हिरव्यागार पानांनी भरलेल्या फांदीवर कात्री चालवायला तिचा हात धजेना. तिनं वहिनींना फोन लावला.

"हरणामावशी, निम्मा कापा," वहिनी म्हणाल्या. "फांदीच्या बाहेरच्या अंगाला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बघायचा आणि त्याच्या वर तिरका काप द्यायचा. जीव धरून बसलात तर फूल येणार नाही."

तिनं कापला. शेजारची शालूबाई मधल्या काटेरी वईवरून वाकून बघत होती. "आगं, ही बाग हाय का जळाण?"

"बघ म्हैन्यानं," हरणाबाई म्हणाली.

आणि मग तिनंच घोटाळा केला. लेंडीखताची धनगराच्या घरी काय कमी? तिनं कळपानं मागं टाकलेली ताजी लेंडी गुलाबाच्या बुडाशी पाट्या भरभरून ओतली. जास्त दिलं म्हणजे जास्त फुलेल, असा हिशेब. आठवड्यात नवी तांबूस पालवी कडेनं करपायला लागली. खताची ऊब मुळांना लागली होती. हरणाबाईनं सगळं खत हातानं उकरून बाहेर काढलं, आळ्यात पाणी भरभरून सोडलं. तरी दोन झाडं गेलीच. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली लेंडी तिनं खड्ड्यात टाकली, वर पालापाचोळा घातला आणि कुजायला ठेवली.

थंडीत उरलेले गुलाब फुलले. शेवंतीनं तर अंगण पिवळं करून टाकलं. शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा आला, तो तिनं साबणाच्या पाण्यानं धुऊन काढला. फुलं सरल्यावर शेवंती बुडापासून कापली आणि खालचे फुटवे राखले. शालूबाई आता वईवरून वाकत नव्हती, फुलं न्यायला सरळ आतच यायची.

संक्रांत झाली आणि मल्हारचा फोन आला. एडक्यानं धडक दिली होती. अर्जुनाचा पाय घोट्यात मोडला होता, प्लॅस्टर घातलं होतं.

हरणाबाईनं शालूबाईला आळी दाखवली, कुणाला किती पाणी ते दोनदा सांगितलं आणि एसटी धरली. कऱ्हाडजवळच्या रानात अर्जुना वाघरेच्या, मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेला घोंगड्यावर पडला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, पण बोलला तो भलतंच.

"आलीस व्हय? मला वाटलं, झाडं सोडत्यात का न्हाई."

"झाडाला पाय न्हाईत, ती पळून जात न्हाईत. तुमचा पाय बघू."

चार दिवस तिनं त्याचं सगळं केलं. वहिनींच्या बागेत त्याच दिवसांत मोगऱ्याची छाटणी चालली होती. हरणाबाई त्यांच्याबरोबर खाली बसली. मोगऱ्याचं पाणी तोडलेलं होतं. पानं गळू द्यायची, रोगट फांद्या काढायच्या, बुडातली माती हलवून मुळांना ऊन दाखवायचं, मग कुजलेलं खत आणि पाणी. "तहान लावल्याशिवाय मोगरा कळी धरत नाही," वहिनी म्हणाल्या.

पाचव्या दिवशी तिनं पिशवी भरली. अर्जुनाचं तोंड उतरलं. "म्हंजे जाणारच?"

"जाणार. आन् तुमीबी चला. पाय मोडलेला माणूस मेंढरामागं काय करनार?"

तो नाही म्हणाला. मल्हार बापाला म्हणाला, "दादा, जावा. हितं तुमाला कोण उचलणार?" शेवटी शिव्या देत देत तो एसटीत चढला.

अर्जुनानं आपल्या घरातला फाल्गुन आणि चैत्र कधी पाहिला नव्हता. त्याला करमेना. भिंती खायला उठायच्या. हरणाबाई मात्र कामाला लागली. मोगऱ्याचं पाणी तिनं तोडलं, तसा तो रोज विचारायचा, "मारतीस काय त्याला?" ती बुडातली माती हलवत राहायची. पानं गळाली, झाडं झाडूसारखी दिसायला लागली. मग तिनं खड्ड्यातलं खत घातलं आणि पाणी सोडलं.

उन्हाळा तापला तसं तळं आटलं. बोअर दिवसाआड घागरभर ओकायची. सगळी बाग जगणार नाही, हे हरणाबाईला कळलं. तिनं खाली बसून एकेक झाड पाहिलं आणि झेंडू, जास्वंद सोडून दिली. गुलाब, मोगरा आणि शेवंतीचे फुटवे एवढंच राखायचं ठरवलं. त्यांच्या बुडात भुईमुगाची टरफलं पसरली, वर जुन्या लुगड्यांची सावली बांधली. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीत धरायला लागली. जास्वंदीची पानं लोंबायला लागली तेव्हा अर्जुना म्हणाला, "हिला घाल की थोडं."

"न्हाई. हिला घातलं तर मोगरा जाईल."

प्लॅस्टर निघाल्यावर तो काठी टेकत उठला आणि न सांगता न्हाणीतली बादली घेऊन बाहेर आला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. हरणाबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला लहान बादली दिली.

चैत्राच्या अखेरीस मोगरा फुलला. ओंजळभर नव्हे, पाटीभर. संध्याकाळी अर्जुना अंगणात खाटेवर बसून राहायचा. एकदा तो म्हणाला, "ही तीन वरसं ह्येचा वास हितं आला असता."

"आला असता," ती म्हणाली. "पर आपुन नव्हतो."

मृगाला मल्हार-मंगल कळप घेऊन परतले. जास्वंद गेलीच होती, पावसात हरणाबाईनं नवी फांदी लावली. दसऱ्याला या वेळी गुलाब वेळेवर छाटला.

पुढची दिवाळी झाली. अर्जुनाचा पाय धड झाला होता आणि त्याला घरात राहवेना. तो निघालाच, हरणाबाईनंही अडवलं नाही. घोडा भरताना त्यानं मंगलला आपली एकच वाकळ बांधायला सांगितली, हरणाबाईची मागितलीच नाही.

कळप दारावरून निघाला. दोन शेरडं कुंपणाच्या कवाडातून मुंडकी घालून शेवंतीकडं बघायला लागली, तशी हरणाबाई काठी घेऊन धावली.

"आवं, आधी ही हाका की!"

अर्जुनानं शेरडं हाकली, कवाड ओढून घेतलं, दोराची गाठ दोनदा मारली, ओढून बघितली, आणि मग तो मेंढरांच्या मागं गेला.