ऑरिन बॅस्कमची परवानगी

कॉर्ली मिल्समध्ये अंगणातला पाला जाळायचा असला तरी आधी ऑरिन बॅस्कमला फोन करावा लागे. तो गावचा आगीचा वॉर्डन. उघड्यावर काडी ओढायची तर त्याची परवानगी हवी, आणि परवानगी देणं ऑरिनच्या अगदी जिवावर येई. काय जाळणार, ढीग केवढा, गोठ्यापासून किती लांब, पाण्याचा पाइप पोचतो का, असं सगळं खोदून खोदून विचारायचा. मग फोन तसाच ठेवून ओसरीवर जायचा, पाइनच्या शेंड्यांकडे बघायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "आज नाही." का नाही, तर वारा. मांजराची मिशी हलत नसे, पण ऑरिनला वारा दिसायचा.

त्याची सत्ता चालत नसे ती फक्त हिवाळ्यात. ढिगाभोवती जमिनीवर सगळीकडे बर्फ असेल तर वॉर्डनला विचारायची गरज नाही, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळे पहिला बर्फ पडला की गावभर धूर निघायचा आणि ऑरिन घरात चरफडत बसायचा.

खोटं कशाला बोला, आगीत मात्र त्याच्यासारखा माणूस नव्हता. आमच्या अग्निशमन दलात पगारी कुणी नाही. पेजर वाजला की प्लंबर नळ उघडा टाकून धावतो, शाळेची बसवाली बस लावून धावते. ऑरिन सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि धुरात शिरायचा. लोक त्याला मानत. त्याच्याविषयी माया मात्र कुणालाच नव्हती, आणि ती त्याने कधी मागितलीही नाही.

मायेचं काय झालं ते सांगायला आर्डिस प्युरिंटनची एक गोष्ट पुरे. आर्डिसचा नवरा पोटाच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणात कुजून गेला. तो गेल्यावर तिने त्याची गादी परसात ओढली आणि पेटवून दिली. गादी जाळायला बंदी आहे. ऑरिनने बंब नेला, आणि दलात नव्याने आलेल्या माणसाच्या हातात पाइप देऊन म्हणाला, "विझव." तो नवा माणूस म्हणजे आर्डिसचाच मुलगा, लाइल. लाइलने आईच्या डोळ्यांदेखत बापाची गादी विझवली. मग ऑरिनने आर्डिसला ती अर्धी जळलेली, निथळणारी गादी तिच्याच पिकअपमध्ये घालून कचरा डेपोवर न्यायला लावली, भर दुपारी, गावातून. "नियम म्हणजे नियम," एवढंच बोलला. बायको व्हेल्मासुद्धा त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

पुढे व्हेल्मा गेली. लाइल दलाचा प्रमुख झाला. ऑरिन लाकडं फोडताना घसरला आणि त्याचा खुबा मोडला. मुलगी नॅडीन त्याला आपल्याकडे, गावातल्या तिच्या घरी घेऊन आली. लेजर रोडवरचं आपलं घर त्याने आधीच तिच्या नावावर केलं होतं. म्हातारपणी वृद्धाश्रमवाले बिलापोटी घर गिळतात म्हणून आमच्याकडे सगळेच करतात. नॅडीनने ते बॉस्टनच्या एका जोडप्याला विकलं. त्यांना जुनी घरं फार आवडतात, ते घर आहे तसंच ठेवणार आहेत, असं तिने बापाला सांगितलं. ऑरिन आठवडाभर रुसला, पण मनात कुठेतरी त्याने सोय लावून घेतली. खुबा सांधला की बॉस्टनवाल्यांना भेटू. हिवाळ्यात घर राखायला त्यांना माणूस लागेलच. मागची खोली दिली तरी बास. तो वॉकर धरून नॅडीनच्या स्वयंपाकघरात चालण्याचा सराव करायचा तो याच आशेवर.

वॉर्डनकी अजून त्याच्याकडेच होती. ऑक्टोबरात लाइल आला, टोपी न काढताच टेबलाशी बसला.

"परवानगी हवीये, ऑरिन. दलाला सरावासाठी घर मिळालंय. मालकांनी दान दिलं. राज्याचे कागद आलेत, तुमची सही राहिलीये."

जुनं घर पाडण्यापेक्षा दलाला देऊन टाकायचं, दलाने ते सरावासाठी जाळायचं, हे आमच्याकडे जुनंच आहे. ऑरिनने स्वतः अशी कितीतरी घरं पेटवली होती.

"कुणाचं घर?"

"बॉस्टनवाल्यांचं. पायाची लाकडं कुजलीत म्हणे."

"कुठल्या रोडवर, लाइल?"

"लेजर रोड," लाइल म्हणाला. "उतारावरचं शेवटचं. पांढरं. तुम्ही पाहिलं असेल."

नॅडीन सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिने नळ मोठा केला. ऑरिन तिच्या पाठीकडे बघत राहिला आणि त्याला कळलं, हिला ठाऊक होतं. पायाची लाकडं कुजलेली नव्हती. ती त्याने स्वतः बदलली होती. पण ते आता सांगायचं कुणाला?

"आज नाही," तो म्हणाला.

"आज नकोच आहे. रविवारी."

"रविवारी वारा आहे."

"रविवारचा वारा तुम्हाला आजच दिसला?"

"मला दिसतो."

लाइल हसला. "बरं. पुढच्या रविवारी येतो. आम्हाला घाई नाही."

मग सुरू झाला तमाशा. गावातल्या दुकानात, कॉफीच्या थर्मासपाशी, हरणांच्या शिकारीपेक्षा याचीच चर्चा जास्त. एका रविवारी ऑरिन म्हणाला, छपरावर डांबरी पट्ट्या आहेत, त्या जाळता येत नाहीत. दलाच्या पोरांनी आठवडाभर खपून छप्पर सोलून काढलं. पुढच्या वेळी म्हणाला, स्वयंपाकघरातली फरशी जुनी आहे, तिच्यात विषारी तंतू असतात. तीही रीतसर उचलली गेली. मग पाऊस नाही, रान वाळलंय. मग परत वारा. त्याने जो जो नियम काढला तो तो लाइलने पाळला, जराही तक्रार न करता. ऑरिनला वाटत होतं आपण घर वाचवतोय. खरं तर त्याच्याच शब्दावर ते तुकड्यातुकड्याने सोललं जात होतं.

"बाबा, कशाला अडवताय?" नॅडीन एकदा म्हणाली. "लोक हसतायत मला. व्यवहार झालाय. तुम्ही तिथे परत राहणार होतात का?"

"हो," ऑरिन म्हणाला.

तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं.

नोव्हेंबर अर्धा सरला. एका रविवारी तो उठला तर खिडकीत उजेड वेगळाच होता. बाहेर सगळं पांढरं. रात्रीतून घोट्याएवढा बर्फ पडला होता, आणि झाडाचं पान हलत नव्हतं. फोन वाजला. तो वाजणार हे त्याला कळलंच होतं.

"परवानगी मागायला नाही केला फोन," लाइल म्हणाला. "ती आता लागत नाही. तुम्हीच शिकवलंय. फक्त सांगायला केला, नऊला सुरू करतोय. खुर्ची ठेवलीये तुमच्यासाठी, पुढच्या रांगेत."

ऑरिन गेला नसता तरी चाललं असतं. पण सगळं गाव बघणार आणि आपण नॅडीनच्या सोफ्यावर बसणार, हे त्याच्याने झालं नसतं. त्याने दलाचा जुना कोट मागितला. नॅडीनने बटणं लावून दिली.

लेजर रोडवर दोन्ही बाजूंना पिकअप लागल्या होत्या. लोकांनी घडीच्या खुर्च्या, पांघरुणं, कॉफी आणली होती. दलाच्या बायकांनी टेबल मांडून मोठ्या पातेल्यात बीन्स आणि खिम्याची चिली गरम ठेवली होती. जणू गावजेवणच. शेजारच्या दोन गावांतूनही शिकाऊ मंडळी आली होती. ऑरिनला खरंच पुढच्या रांगेत बसवलं आणि वॉकर बाजूला नेऊन ठेवला, लोकांच्या पायात येतो म्हणून.

आर्डिसने त्याला चिलीचा वाडगा आणून दिला. तिने तो त्याच्या मांडीवर नीट बसवून दिला.

"काळजी करू नकोस, ऑरिन," ती वाकून म्हणाली. "गाद्या सगळ्या आधीच डेपोवर पोचवल्या. व्हेल्माचीसुद्धा. मी स्वतः नेली."

सरावाचं घर एका दमात जाळत नाहीत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आधी एका खोलीत गवत आणि फळकुटं रचून आग लावायची. शिकाऊंनी आत शिरून ती विझवायची. मग दुसरी खोली. मग पुन्हा पहिली, कारण पहिल्या तुकडीचं चुकलं. असं दिवसभर. आधी वरची पुढची खोली पेटली आणि विझली. मग नॅडीनची लहानपणची. मग जिना. दर वेळी खिडकीतून काळा धूर यायचा, मग पांढरी वाफ, मग भिंतीवरून काळं पाणी ओघळायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. लाइल मोठ्याने ओरडून शिकवत होता, आणि चांगलं शिकवत होता, हे ऑरिनलाही कबूल करावं लागलं. ते सगळं ऑरिनचंच होतं, शब्द न् शब्द.

"आता व्हेल्माची खोली!" लाइल ओरडला. सरावाच्या नकाशात ती 'खोली चार' होती. पण लाइल व्हेल्माची म्हणाला.

ती चार वेळा पेटवली. चौथ्या वेळी ऑरिनने डोळे मिटले, तर शेजारचा म्हणाला, "अरे, झोपलास काय? तुझाच तर कार्यक्रम!" आणि लोक हसले. नॅडीनही थोडीशी हसली. लोकांत असताना माणूस हसतो तसं.

दुपार कलली तेव्हा ठरल्याप्रमाणे घर सोडून द्यायचं होतं, म्हणजे पेटवून पुरतं जळू द्यायचं. पण ते जळेना. ऑरिनने आयुष्यभर आगी पाहिल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या लाकडी भिंती तळघरापासून माळ्यापर्यंत आतून पोकळ असतात, आणि आग त्यातूनच वर चढते, म्हणून त्याने एकेक भिंत उघडून आत आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. खोलीतली आग खोलीतच मरत होती. दोनदा लावली, दोनदा धुमसून बसली. घर उभंच. छप्पर सोललेलं, काचा नाहीत, सगळ्या अंगाने काळं पाणी गळतंय, आणि उभं. थंडी वाढली तशी लोक कुरकुरायला लागले.

"राहू द्या आज," लाइल म्हणाला. त्याला अजिबात वाईट वाटत नव्हतं. "पुढच्या रविवारी परत. दोन-तीन रविवार लागले तरी हरकत नाही. सराव होतोय पोरांचा."

ऑरिनने वॉकर मागितला. कुणी ऐकलं नाही. मग तो खुर्चीच्या हाताला धरून तसाच उभा राहिला, आणि वाडगा बर्फात सांडला.

"बाथरूमची भिंत," तो म्हणाला.

"काय?" लाइल जवळ आला.

"मागची, बाथरूमची भिंत. तिथे फळ्या नाहीत. व्हेल्माला खाली-वर जमेना म्हणून वर बाथरूम काढत होतो. ती गेली, मग ती भिंत तशीच राहिली. तळघरातून पाइप वर जातात तिथे लाव. माळ्याचं झाकण उघड."

लाइलने मान डोलावली. तिथेच थांबला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं.

"पोरांना ऐकू गेलं नाही," तो म्हणाला. "मोठ्याने सांगा, ऑरिन. काय करायचं?"

ऑरिनने श्वास घेतला. आगीच्या जागी काढायचा तो त्याचा जुना आवाज आता उरला नव्हता, पण होता तेवढा त्याने काढला.

"तळघरातून लावा! बाथरूमखाली! माळा उघडा!"

"वॉर्डनची परवानगी आहे?"

"आहे," ऑरिन म्हणाला.

मग वेळ लागला नाही. भिंतीच्या आत आधी नुसताच घुमल्यासारखा आवाज आला, आणि माळ्यातून ज्वाळा एकदम आभाळात गेली. घर अंधार पडायच्या आत बसलं. लोकांनी पिकअपचे भोंगे वाजवले. कुणीतरी ऑरिनच्या पाठीवर थाप मारली, म्हातारा खिलाडू निघाला म्हणाला. आजही आमच्या गावात कुणी विचारलं तर लोक हेच सांगतात, की लेजर रोडवरचं बॅस्कमचं घर ऑरिनने स्वतः उभं राहून जाळलं. लाइलचं नाव कुणी घेत नाही, आणि नॅडीनचं तर नाहीच.

परतताना गाडीत हीटर लावला तरी त्याच्या कोटाला धुराचा वास येत होता. नॅडीन गाडी चालवत होती. मग वळणावर तिने हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. कित्येक आठवड्यांत तिचा चेहरा इतका मोकळा झाला नव्हता.

"मला इतके दिवस फार अपराधी वाटत होतं, बाबा," ती म्हणाली. "पण शेवटी तुम्हीच सांगितलंत ना, कुठून लावायची ते. म्हणजे तुम्हालाही तेच हवं होतं. हो ना?"

ऑरिनने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.