चिखल्याच्या वाळूतला उंबरा

आई आणि मी डहाणू बघायला गेलो, तेव्हा स्टेशनबाहेरच्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने आम्हाला दिवसभर फिरवलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन झालं, चिकूच्या वाड्या बघून झाल्या. प्रत्येक ठिकाणी तो गळ्यातल्या रुमालाने आरसा पुसत रिक्षातच बसून राहायचा. "तुम्ही या बघून, मला काय नवीन हाय," म्हणायचा.

चिखल्याच्या किनाऱ्यावर मात्र तो आमच्या आधी उतरला. ओहोटी होती. सुरूची झाडं ओलांडून तो ओल्या वाळूत बराच आत गेला, मध्येच थांबला, चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि मग पुढे गेला.

आईने विचारलं, "इथे चपला का काढल्यात हो?"

"इथं आमचं घर होतं, बाय. दर्यानं नेलं. घरात चपला घालून कसं जायचं?"

आईने आपल्या चपला त्याच्या चपलांशेजारी काढून ठेवल्या.

यंदा मी एकटाच गेलो. तो रिक्षावाला स्टेशनबाहेर दिसला नाही. चिखल्याला ओहोटीची वाळू सगळीकडे सारखीच दिसत होती. त्याचा उंबरा नेमका कुठे होता ते काही केल्या आठवेना, म्हणून मी सुरूच्या झाडांपाशीच चपला काढल्या.