पायरीवरची लाल रेघ

परवा लातूरच्या घरी फाटकाला लाल ऑइलपेंट लावला आणि त्या वासासरशी मी थेट कंधारकडच्या एका नदीकाठच्या गावात पोचलो. तेव्हा मी सरकारी नोकरीत नवा इंजिनिअर. पूर कुठवर चढेल, ती रेघ घराघरांवर मारत होतो. गावातल्या किसनमामांच्या नव्या भिंतीवर ती डोक्याइतकी वर आली.

मामा म्हणाले, "साहेब, उद्या पोरीला बघायला पाव्हणे येऊन राहिले. एवढी वर रेघ बघून पळतील की! जरा खाली घ्या."

मी ब्रश तलवारीसारखा उगारला, नदीला दरडावलं, "खबरदार पायरीच्या वर येशील तर!" आणि रेघ पायरीवर ओढली. मामी तोंडाला पदर लावून हसल्या. सोयरीक जुळली.

हा किस्सा मी अजूनही लग्नाच्या पंगतीत त्याच आवाजात सांगतो आणि इथेच थांबतो.

तीन पावसाळ्यांनी पाणी चढलं. मामा बाजाराला गेलेले. शेजारी हाका मारत शाळेच्या गच्चीकडे पळाले. मामी दारातूनच म्हणाल्या, "तुमी जावा. सायबांनी आमची रेघ पायरीवर मारलीय."

मामी वाहून गेल्या. भिंतीवर चिखलाची खूण राहिली, बरोबर मी आधी मोजली होती तिथे.